बाबा म्हणतात मालक मोठा म्हणजे नोकरी पक्की, खरंय का हो काका?

"काका नमस्कार. मी 26 वर्षांची, डॅलसजवळ फ्रिस्कोला आईबाबांकडे राहते, फ्लाइट इन्स्ट्रक्टर आहे आणि उड्डाणाचे तास आता 1480 झालेत. दोन रीजनल एअरलाइन्सची ऑफर आहे. एक अमेरिकन एअरलाइन्सच्या पूर्ण मालकीची, बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते शहर, डॅलस. दुसरी स्वतंत्र आहे, कुठल्याच मोठ्या एअरलाइनच्या मालकीची नाही, चार मोठ्या कंपन्यांसाठी उडते, बेस डेन्व्हर मिळेल म्हणतात आणि साइनिंग बोनस जास्त आहे. बाबा म्हणतात डोळे मिटून पहिली घे, मालक एवढा मोठा आहे, ही नोकरी पर्मनंटच समज, आणि रिक्रूटर म्हणाला पाच वर्षांत आपोआप अमेरिकनमध्ये जाशील. माझ्यासोबतचे इन्स्ट्रक्टर म्हणतात मालकीबिलकी काही नसतं, मनात आलं की बंद करतात. ट्रेनिंगचं कर्ज बाबांच्या सहीवर आहे म्हणून मला रात्री झोप लागत नाही. खरं काय ते सांगा."

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ होती ती मी वर छापली नाही पण उत्तर तिथूनच सुरू करतो, की बाबा अमेरिकेत यायच्या आधी भोसरीला एका व्हेंडरकडे क्वालिटीत होते. मग त्यांना विचार, त्या शेडमध्ये जे पार्ट बनायचे ते कुणाच्या नावाने विकले जायचे? ड्रॉइंग मोठ्या कंपनीचं, डाय मोठ्या कंपनीची, बऱ्याचदा मालपण त्यांचाच, आपण फक्त मशीन चालवायची आणि नगामागे पैसे घ्यायचे. जॉबवर्क. रीजनल एअरलाइन म्हणजे तेच गं, फक्त प्रेसच्या जागी विमान.

प्रवासी तिकीट काढतो अमेरिकनचं, विमानावर लिहिलेलं असतं अमेरिकन ईगल, आणि कॉकपिटमधल्या दोघांचा पगार येतो तिसऱ्याच कंपनीतून. कुठल्या गावाला किती वाजता उडायचं, तिकीट कितीला विकायचं हे मोठी कंपनी ठरवते, इंधनाचं बिलसुद्धा तीच भरते, रीजनलला उड्डाणामागे आणि तासामागे ठरलेले पैसे मिळतात, विमान अर्धं रिकामं गेलं तरी मिळतात. ऐकायला मस्त वाटतं. पण गिऱ्हाईक आपलं नाही, रूट आपला नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तर विमानपण आपलं नाही, मग उद्या त्यांनी काम काढून घेतलं तर हातात उरतं काय, तर ट्रेनिंग झालेले पायलट आणि एक सर्टिफिकेट.

आणि हे काम बाहेर देतात का, तर स्वस्तात होतं म्हणून. पण किती बाहेर द्यायचं याला मर्यादा आहे आणि ती सरकारने घातलेली नाही, मोठ्या कंपनीच्या पायलटांनी घातलीय. त्यांच्या करारात एक कलम असतं, त्याला स्कोप म्हणतात. अमेरिकन, डेल्टा, युनायटेड तिघांच्याही करारात ढोबळ मर्यादा अशी की रीजनलकडे द्यायचं विमान जास्तीत जास्त 76 सीटचं आणि 86,000 पौंड वजनाचं, आणि अशी मोठी विमानं किती ठेवायची त्याचाही आकडा ठरलेला. म्हणजे तुझ्या कंपनीने किती वाढायचं, कुठली विमानं ठेवायची हे ज्या करारात ठरतं त्यावर तुला मत नाही. हे डोक्यात ठेव, पुढे लागेल.

आता मालकी. अमेरिकनच्या पूर्ण मालकीच्या तीन रीजनल आहेत, एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमॉन्ट. डेल्टाची एक, एंडेव्हर. अलास्काची होरायझन, ती तर 1986 पासून. युनायटेडकडे पूर्ण मालकीची एकही नाही, इथेतिथे थोडी भागीदारी ठेवते. बाकी स्वतंत्र.

बाबांचं म्हणणं आधी घेऊ कारण त्यात दम आहे. 2020 साली कोविड आला तेव्हा एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात ट्रान्स स्टेट्स आणि कंपास अशा दोन रीजनल बंद पडल्या, दोन्ही एकाच खाजगी ग्रुपच्या. मग 30 सप्टेंबरला एक्सप्रेसजेट गेली. मी वर ज्या पाच पूर्ण मालकीच्या सांगितल्या त्यातली एकही बंद झाली नाही. पगाराचंही बघ. जून 2022 मध्ये पायलट मिळेनासे झाले होते तेव्हा नव्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, तासाला 90 डॉलर ही उडी पहिल्यांदा मारली ती पीडमॉन्ट आणि एन्व्हॉयने, मागोमाग पीएसएने, का तर खिसा अमेरिकनचा होता. बाकीच्यांना मग नाइलाजाने धावावं लागलं. दहा वर्षांआधी हाच पगार वर्षाला 20-25 हजार डॉलर होता गं, आम्हा रीजनल पायलटांतले काही जण पिझ्झा पोचवायचे सुट्टीच्या दिवशी. तर मोठ्या मालकाचा खिसा ही खरी गोष्ट आहे आणि वाईट दिवसात ती कामाला येते.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार.

कॉमएअर नावाची एक रीजनल होती सिनसिनाटीची. 1977 ची कंपनी, 1984 पासून डेल्टासाठी उडायची, छोटी जेट विमानं अमेरिकेत सगळ्यात आधी घेणाऱ्यांपैकी, धंद्यात एकदम तगडी. 1999-2000 च्या सुमाराला डेल्टाने अब्जाहून जास्त डॉलर मोजून ती पूर्ण विकत घेतली. तेव्हा तिथल्या पायलटांना काय वाटलं असेल? तुझ्या बाबांना वाटतंय तेच. 2001 ला त्यांनी पगारासाठी 89 दिवस संप केला आणि चांगला करार मिळवला, रीजनलमध्ये तेव्हा तो सगळ्यात भारी करार. आणि झालं असं की त्यामुळे कॉमएअर महाग पडायला लागली, आणि महाग जॉबवर्कवाल्याचं काय होतं हे भोसरीतल्या माणसाला सांगायला नको. 2005 मध्ये डेल्टा दिवाळखोरीत गेली, कॉमएअरलाही सोबत नेलं, मग विमानं कमी, मग अजून कमी. 2012 मध्ये डेल्टाने आपल्या मेनलाइन, म्हणजे मुख्य मोठ्या कंपनीच्या, पायलटांशी नवीन करार केला, त्यात 76 सीटची विमानं वाढवायची परवानगी मिळाली, मेनलाइनला बोइंग 717 येणार होती आणि बदल्यात 50 सीटची जुनी विमानं घालवायची होती. ती कॉमएअरकडेही होती. जुलैच्या शेवटी जाहीर केलं आणि 29 सप्टेंबर 2012 ला कॉमएअर बंद. दोन महिने. डेल्टाच्या एकूण क्षमतेतला तो साधारण 1 टक्का होता, प्रवाशांना कळलंसुद्धा नाही, त्याच गेटवरून तसंच रंगवलेलं विमान दुसऱ्या रीजनलने उडवलं.

यात कुणी फसवलं का? नाही. पूर्ण मालकी होती म्हणून तर इतकं सोपं गेलं. स्वतंत्र कंपनी असेल तर तिच्याशी करार असतो, त्याला शेवटची तारीख असते, आधी तोडला तर भांडण, भरपाई, कोर्ट. स्वतःच्या कंपनीशी कोण भांडणार? सामान आपलंच, कपाट आपलंच, कधीही आवरायचं. बाबांना जी गोष्ट हमी वाटतेय ती मालकाच्या बाजूने बघितली की मोकळीक आहे.

आणि बंद करणं हा एकच प्रकार नाही, विकताही येतं. डेल्टाकडेच अटलांटाची एएसए होती, तीपण 1999 ला घेतलेली. 2005 मध्ये दिवाळखोरीत जायच्या जरा आधी पैशांची गरज होती म्हणून 425 मिलियन डॉलरला स्कायवेस्टला विकून टाकली. स्कायवेस्टने मग 2010 मध्ये एक्सप्रेसजेट घेतली, पुढे दोन्ही एकत्र केल्या, नाव ठेवलं एक्सप्रेसजेट. 2019 च्या सुरुवातीला ती विकली मानाएअर नावाच्या कंपनीला, ज्यात युनायटेडची 49.9 टक्के भागीदारी. आणि 2020 च्या जुलैत युनायटेडने ठरवलं की 50 सीटची विमानं उडवायला एकच रीजनल पुरे, आणि निवडली कम्युटएअर, जिच्यात युनायटेडची भागीदारी 40 टक्केच होती. म्हणजे जास्त भागीदारी जिच्यात ती मेली. आता विचार कर, 2003 ला एएसएमध्ये कुणी तुझ्याच वयाचा लागला असेल आणि जागेवरून हललाच नसेल, तर डेल्टाच्या मालकीची पर्मनंट नोकरी म्हणून धरलेल्या त्याच खुर्चीवर त्याने तीन मालक आणि दोन नावं बघितली, आणि शेवटी बेरोजगार झाला ते महामारीत.

मेसाबाचं तर अजून गंमतशीर. 2007 मध्ये नॉर्थवेस्टने घेतली, नॉर्थवेस्ट डेल्टात विलीन झाली म्हणून ती डेल्टाची झाली, 2010 मध्ये डेल्टाने ती पिनॅकलला विकली, पिनॅकल 2012 ला दिवाळखोरीत गेली आणि 2013 मध्ये डेल्टाने ती सगळी मोट परत स्वतःच्या मालकीत घेतली, तीच आजची एंडेव्हर. विकलं काय, तीन वर्षांत परत घेतलं काय, आणि मधल्या मधे पायलटांनी पगार कापून घेतला, बदल्यात मोठी विमानं आणि डेल्टात जायची वाट मिळाली. ज्यांनी तो सौदा मान्य केला त्यांना मी दोष देत नाही, मी असतो तर मीपण हात वर केला असता.

तू विचारशील की कंपनी बंद झाली तर काय, दुसरीकडे लागायचं. नाही गं, इथेच आपल्या धंद्याची गोम आहे. इंजिनिअर दहा वर्षांचा अनुभव घेऊन दुसरीकडे जातो तेव्हा पगार वाढवून जातो. पायलट जातो तेव्हा सगळ्यात खालच्या नंबरवर जातो. सगळं सीनिऑरिटी नंबरवर चालतं, कुठलं विमान, कुठला बेस, कुठले दिवस सुट्टी, कॅप्टन कधी, आणि मंदी आली तर घरी कोण जाणार, तेही खालून. तो नंबर त्या कंपनीचा, कंपनी गेली की नंबर गेला. फर्लो झालं, म्हणजे तात्पुरतं बिनपगारी घरी बसवलं, तर निदान परत बोलवायचा हक्क असतो, बंद कंपनी कुणाला बोलवत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी स्वतः एका रीजनलला नऊ वर्षं काढली, नाव घेत नाही, शेवटची चार डाव्या सीटवर, म्हणजे कॅप्टन म्हणून, आणि मग ती गेली. दुसरीकडे लागलो तेव्हा माझ्या वरच्या नंबरला एक 24 वर्षांचा मुलगा होता, चांगला मुलगा, मला सर म्हणायचा आणि माझ्या आधी सुट्ट्या निवडायचा. पुढची पाच वर्षं ना गणपतीत घरी ना दिवाळीत, क्रॅशपॅडमध्ये, म्हणजे बेसजवळ पायलट मिळून भाड्याने घेतात त्या खोलीत, बंकबेडवर मोदकाचे फोटो बघितलेत मी. रडगाणं नाही हे, फक्त तुला कळावं म्हणून की नोकरी जाणं आणि नंबर जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीने जास्त लागतं.

अजून एक प्रकार आहे जो पूर्ण मालकीत जास्त चालतो. मालकाकडे तीन रीजनल असतील तर तो तिघींना एकमेकींसमोर उभं करू शकतो. 2013 मध्ये पीएसएच्या पायलटांनी सवलती मान्य केल्या आणि त्यांना नवीन मोठी विमानं मिळाली. 2014 च्या मार्चमध्ये एन्व्हॉयच्या पायलटांनी त्यांच्यापुढे ठेवलेला सौदा मतदानात फेटाळला. मग सुरू झालं, नवीन विमानं येणार नाहीत, कंपनी लहान करणार, काम दुसरीकडे देणार. वर्ष संपता संपता परत मतदान झालं, या वेळी हो म्हणाले, आणि नवीन एम्ब्रेअर 175 आली. तीन जावा एका घरात आणि सासूने तिघींना वेगवेगळं सांगायचं की बाकीच्या दोघी तर काही मागत नाहीत, इतकं साधं तंत्र आहे. स्वतंत्र कंपन्यांनाही असंच खेळवतात म्हणा, पण तिथे निदान कंपनीचा मालक तुझ्याइतकाच घाबरलेला असतो.

आता रिक्रूटरच्या "पाच वर्षांत आपोआप"बद्दल, कारण बाबांचं अर्धं गणित त्यावरच आहे. याला फ्लो म्हणतात, इंटरव्ह्यू न देता सीनिऑरिटीने अमेरिकनमध्ये जायचं. हे आलं कुठून माहितीये? 1997 च्या फेब्रुवारीत अमेरिकनच्या पायलटांनी संप सुरू केला आणि काही मिनिटांत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो थांबवला, आणि भांडणाचा मोठा मुद्दा होता की छोटी जेट विमानं उडवणार कोण, मेनलाइनचे पायलट की ईगलचे, म्हणजे अमेरिकनच्याच रीजनलचे. तडजोड झाली, विमानं ईगलकडे गेली आणि ईगलच्या पायलटांना वर जायची वाट मिळाली. पण वाट दोन्ही बाजूंनी होती. 2001 च्या 11 सप्टेंबरनंतर अमेरिकनने माणसं कमी केली तेव्हा मेनलाइनचे फर्लो झालेले पायलट त्याच वाटेने खाली आले आणि ईगलच्या जेटवर कॅप्टन म्हणून बसले, आणि ज्यांच्या त्या खुर्च्या होत्या ते सरकले. ज्यांना वाटत होतं आपण वर जाणार त्यांच्या डोक्यावर वरचे येऊन बसले.

आजचा फ्लो त्यापेक्षा चांगला आहे, खूप लोक त्यातून गेलेत, नाही म्हणत नाही. पण फ्लो म्हणजे नळ आहे, तोटी मेनलाइनच्या हातात. मेनलाइनने महिन्याला किती घ्यायचे त्यावर तुझी पाच वर्षं ठरतात. 2022 मध्ये सगळे बेफाम भरती करत होते, 2024 मध्ये बोइंगची विमानं वेळेवर येईनात म्हणून युनायटेडने मे-जूनमध्ये भरती थांबवली, बाकीच्यांनीही हात आखडता घेतला. पाच वर्षं हा आकडा तो रिक्रूटर कुठल्या वर्षाच्या वेगाने काढतोय ते विचार. आणि लक्षात घे, लोक पटापट वर जात असतील तरच तू लवकर कॅप्टन होशील, वरचा नळ बंद झाला की खालीही सगळं तुंबतं, अपग्रेड थांबतं, तू रिझर्व्हवर, म्हणजे कंपनी बोलावेल तेव्हाच उडायच्या ड्युटीवर, फोनकडे बघत बसतेस.

जाता जाता एक आपल्याकडचं, कारण बाबा म्हणतील हे सगळं अमेरिकेचं झालं. एअर इंडियाच्या पोटात दोन विमान कंपन्या होत्या, एअर इंडिया एक्सप्रेस आणि अलायन्स एअर. 27 जानेवारी 2022 ला एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा एक्सप्रेस सोबत गेली, अलायन्स मागे राहिली सरकारकडे. एकाच आईच्या दोघी, एकीला सोबत नेलं आणि एकीला नाही. चिपीला 9 ऑक्टोबर 2021 ला मुंबईहून पहिलं विमान उतरलं ते अलायन्सचंच, आपल्या सिंधुदुर्गातल्या लोकांनी फटाके वाजवले, आणि चार महिन्यांच्या आत ती कंपनी कुणाची कोण राहिली हे तिथल्या पायलटांना कुणी विचारून ठरवलं नव्हतं. आणि विलीन झालं तरी सुख आहेच असं नाही, 2024 च्या एप्रिलमध्ये विस्ताराचे पायलट पगार आणि सीनिऑरिटीच्या काळजीने इतके वैतागले की विस्ताराला उड्डाणं कमी करावी लागली, नोव्हेंबरात तर कंपनी एअर इंडियात गेलीच.

बरं, मग करायचं काय. माझं मत सांगतो, पहिली ऑफर घे. पण बाबांच्या कारणासाठी नाही.

घे कारण बेस तुझ्या घरापासून तासाभरावर आहे. डेन्व्हरला गेलीस तर एकतर तिथे घर, नाहीतर दर वेळी जंपसीट, म्हणजे पायलटांना फुकट मिळणारी जादा जागा, मिळेल का बघत विमानाने ये-जा करायची, क्रॅशपॅडचे पैसे वेगळे, महिन्यातले तीन-चार दिवस नुसते येण्याजाण्यात. त्या जादा बोनसचं यात पाणी होतं. घरी राहून पहिल्या दोन वर्षांत तू जे कर्ज फेडशील ती खरी जॉब सिक्युरिटी आहे, ती कुठल्याच एअरलाइनच्या हातात नाही. दुसरं, तुझी पहिली कंपनी कुठली का असेना, अमेरिकनच्या तिन्ही रीजनलच्या पायलटांची युनियन अल्पा आहे, अनेक एअरलाइन्सच्या पायलटांची मोठी युनियन, म्हणजे जे काय मिळेल ते लेखी करारात आणि तो मोडला तर भांडायला माणसं आहेत. दुसऱ्या ऑफरवाल्या कंपनीत अल्पा नाही, तिथे पायलटांची स्वतःची संघटना व्यवस्थापनाशी बोलते. तिथले बरेच जण खूश आहेत, चार गिऱ्हाइकं असल्याने एकाने काम कमी केलं तरी विमान दुसऱ्याकडे लावता येतं हे तर मोठंच बळ आहे, आणि खरं सांगू का, तुझं घर डेन्व्हरला असतं तर मी तुला बिनधास्त तिकडेच पाठवलं असतं.

पण डॅलसवाली घेताना मनात असं ठेव की हा थांबा आहे, घर नाही. फर्स्ट ऑफिसरचे एअरलाइनमधले 1000 तास झाल्याशिवाय कॅप्टन होता येत नाही हा नियम आहे, तर ते तास आणि मग डाव्या सीटचे तास हे तुझं भांडवल, कारण कंपनी बुडाली तरी लॉगबुक तुझ्याकडे राहतं. फ्लोच्या रांगेत उभी राहा पण रांगेत उभं राहून झोपू नको, साउथवेस्ट, युनायटेड, कार्गोवाले, जिथे अर्ज उघडेल तिथे टाकत राहा, दर दोन-तीन महिन्यांनी अपडेट करत राहा. कितीतरी जण बघितलेत की फ्लो येणारच आहे म्हणून अर्जच केला नाही, मग नळ बंद झाला आणि मागाहून आलेला पोरगा इंटरव्ह्यू देऊन त्यांच्या आधी मेनलाइनला पोचला. आपला नंबर वर सरकतोय हे बघण्यात एक नशा असते गं, कॉमएअरमध्येही असणार.

कर्जाचा हप्ता कॅप्टनच्या पगारावर बसवू नको, पहिल्या वर्षाच्या पगारावर बसव आणि तोही रिझर्व्हला जेवढे तास हमखास मिळतात तेवढ्यावर. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला. कंपनी मोठ्या प्रमाणावर माणसं काढणार असेल तर कायद्याने साधारण 60 दिवस आधी सांगावं लागतं, साठ दिवसांत दुसऱ्या एअरलाइनचा नवीन ट्रेनिंग क्लास मिळेलच असं नाही. इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट चालू ठेव, आता एअरलाइन लागली म्हणून ते मरू देऊ नको, 2020 मध्ये ज्यांनी ते जपलं होतं ते परत छोट्या सेस्ना विमानात बसून, शिकवून घर चालवत होते.

आणि बाबांशी भांडू नको. त्यांना म्हण की तुम्ही बरोबर आहात, मालकाचा खिसा मोठा आहे, पण तो खिसा कंपनीला आहे, माझ्या नंबरला नाही. भोसरीचा माणूस आहे, लगेच समजेल. मला तर वाटतं त्यांनी त्या दिवसात एखादी लाइन उचलून दुसऱ्या व्हेंडरकडे जाताना बघितलीच असेल, विचार एकदा.

सही करायच्या आधी मला ऑफरची पानं पाठव, नाव-पत्ता झाकून. आधी साइनिंग बोनसचं पान हवंय, त्यात किती महिने थांबलं नाही तर पैसे परत करायचे आणि कंपनीने स्वतःहून काढलं, बंद केली किंवा विकली तरी परत मागणार का, हे शब्द शोध. आणि फ्लोच्या कलमात दोन गोष्टी बघ, कंपनी दुसऱ्याला विकली गेली तर फ्लो टिकतो की नाही, आणि मेनलाइनमध्ये फर्लो झाले तर ते लोक खाली तुमच्याकडे येऊ शकतात का. रिक्रूटरला फोनवर विचारू नको, तो होच म्हणणार. करार युनियनकडे मिळतो, तिथल्या एखाद्या दोन वर्षं जुन्या फर्स्ट ऑफिसरला कॉफी पाज आणि त्याच्याकडून ते पान घे.